पुटच्या आधीचा श्वास

डोळे मिटायची गरज नाही. पडद्यावरचा कोड तसाच राहू द्या. हात तेवढे कीबोर्डवरून खाली घ्या.

गो भाषेतला एखादा सर्व्हर मनात आणा. एक विनंती येते. उत्तर जुळवायला ४ केबीचा बफर मागितला जातो, भरतो, रवाना होतो आणि बेवारस पडतो. हेच सेकंदाला १०,००० वेळा होऊ द्या. सेकंदाला ४० एमबीचा ढीग. तो जितक्या भराभर साचेल, तितक्या वेळा गार्बेज कलेक्टरला उठावं लागेल.

२०१४ मध्ये गो १.३ सोबत सिंक-पूल आला. (पूल म्हटलं की आपल्याला नदीच आठवते, हा पूल म्हणजे सामायिक साठा.) गेटने घ्यायचं, वापरायचं, रीसेट करायचं, पुटने परत ठेवायचं.

रीसेटपाशी थांबा. इथे घाई नको. शाळेतली पाटी आठवा. रीसेट ती पुसत नाही. ‘पहिल्या ओळीपासून लिही’ एवढंच म्हणतो. लांबी शून्य होते, जुनी अक्षरं खाली तशीच राहतात. लांबीच्या पलीकडे कुणी डोकावलं, तर आधीच्याचं पत्र वाचायला मिळेल. त्याच वर्षी गाजलेला हार्टब्लीड हा दोष गो भाषेतला नव्हता. तो ओपनएसएसएलमधला होता. पण मागितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला की एका वेळी ६४ केबीपर्यंत परक्या गोष्टी कशा बाहेर येतात, ते त्याने दाखवलं.

आता पुट. मला विचाराल तर खरी अवघड जागा ही. बफर परत गेला, तरी त्याचा पत्ता तुमच्या मुठीत असतो आणि कंपायलर हूं की चूं करत नाही. डिफरमध्ये पुट लिहिलं, आणि फंक्शनने बफरचे बाइट्स कॉपी न करताच परत दिले, तर? तुमचं उत्तर अजून वाटेत असताना दुसरी गोरूटीन त्याच पाटीवर लिहू लागते. टेस्ट मात्र पास होते.

फुगलेला बफर परत ठेवू नये, हेही ओघाने आलं. गोचं स्वतःचं एफएमटी पॅकेज ६४ केबीहून मोठा झालेला बफर सोडून देतं. साठ्यातलंही कायमचं नसतं, गो १.१३ पासून न वापरलेली वस्तू कलेक्टरच्या एका फेरीतून वाचते, दुसरीत जाते.

श्वास सोडा. कर्सर पुटच्या ओळीवर न्या. मग रिटर्नपर्यंत सावकाश वाचत चला, आणि तिथून बाहेर जाणारे बाइट्स कुणाचे आहेत ते बघा.