उजेडाचे शीड कोणाचे?

मॉस्को विद्यापीठात प्योत्र लेबेदेव यांनी काचेच्या एका फुग्यात धातूच्या अगदी पातळ चकत्या बारीक धाग्याला टांगल्या होत्या. त्यांच्यावर दिव्याचा झोत सोडायचा आणि धाग्याला किती पीळ बसतो ते मोजायचे, एवढाच प्रयोग. पण फुग्यात उरलेली जराशी हवाही तापून चकत्यांना ढकले, आणि तो धक्का उजेडाच्या धक्क्याला पार झाकून टाकी. म्हणून त्यांनी आत पाऱ्याचा थेंब ठेवला. पारा तापला की त्याची वाफ हवेला हुसकावून लावी. मग फुगा थंड केला की वाफही गोठून बसे. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी निकाल मांडला: उजेड वस्तूला खरोखरच ढकलतो, आणि मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून निघतो जवळपास तेवढ्याच बळाने.

इंधनाशिवाय, नुसत्या सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या यानाची गोष्ट सांगताना मात्र सुरुवात केप्लर यांच्यापासून होते. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या उलट दिशेला फुलारते, हे त्यांना ठाऊक होते. आणि १६१० मध्ये गॅलिलिओंना लिहिताना त्यांनी आकाशातल्या वाऱ्यावर चालणाऱ्या शिडांच्या जहाजांची कल्पना केली. कल्पना विलक्षण आहे. पण तो वारा किती जोराचा, याचा अंदाज त्यांच्यापाशी नव्हता, आणि शीड केवढे हवे हे त्यावाचून ठरत नाही. पृथ्वीच्या अंतरावर एक चौरस किलोमीटरचा चकचकीत आरसा उन्हासमोर धरला तर त्याला बसणारा रेटा जेमतेम ९ न्यूटन, म्हणजे किलोभर साखरेच्या वजनापेक्षाही थोडा कमी. इतका क्षीण रेटा कामाचा ठरतो तो एकाच कारणाने: तो थांबत नाही.

हा हिशेब हाती घेतला तो रीगामध्ये जन्मलेल्या फ्रीड्रिख त्सांडर यांनी. अंतराळाने झपाटलेल्या या अभियंत्याने मुलीचे नावही आस्ट्रा, म्हणजे तारा, ठेवले होते. १९२४ मध्ये त्यांनी अतिशय पातळ, प्रचंड आरशांवर यान चालवण्याची योजना लिहिली. रॉकेटशास्त्रज्ञ त्सिओलकोव्स्की यांच्या मनातही याच सुमारास हा विचार घोळत होता. १९५१ मध्ये कार्ल वायली या अमेरिकी अभियंत्याने तोच विचार एका विज्ञानकथांच्या मासिकात टोपणनावाने मांडला आणि १९५८ मध्ये रिचर्ड गार्विन यांनी तो तांत्रिक नियतकालिकात नेला. जनक कोण, असे विचारले की रशियात एक नाव निघते, अमेरिकेत दुसरे.

आपल्याकडे हे शीड वेगळ्याच कामाला आले. इन्सॅटच्या पहिल्या उपग्रहांना सौरपट्टी एकाच बाजूला होती, कारण हवामान टिपणारे उपकरण गार राहावे म्हणून दुसरी बाजू मोकळी हवी होती. मग ऊन त्या एकट्या पट्टीला ढकलून उपग्रह फिरवू पाही. तो तोल सावरायला समोर लांब दांड्यावर छोटे शीड बसवले. १९८२ मध्ये इन्सॅट-१एचे शीड उघडलेच नाही, आणि दिशा सांभाळण्यातच इंधन संपून तो उपग्रह काही महिन्यांत निकामी झाला. पुढल्या वर्षीचा इन्सॅट-१बी टिकला. गावोगावच्या दूरदर्शन संचांपर्यंत चित्र पोहोचले ते त्याच्यामुळे.

यान चालवायचे असो की तोल सावरायचा, उन्हाचा रेटा आधी मोजलेला हवा. म्हणून मला वाटते, उजेडाच्या शिडाच्या श्रेयातला मोठा वाटा लेबेदेव यांचा आहे, त्यांनी अंतराळयान बांधायला घेतले नव्हते तरीही. स्वप्नाचे मोल मी कमी मानत नाही. पण त्यांच्या मोजमापामुळे त्सांडर यांच्या हिशेबाला पायाखाली जमीन मिळाली. १९११ मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ अनेक प्राध्यापकांनी मॉस्को विद्यापीठ सोडले, त्यांत लेबेदेवही होते. प्रयोगशाळा सुटली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४६व्या वर्षी, ते गेले.

२०१० मध्ये जपानच्या इकारोस यानाने १४ मीटर बाजूचे, केसाहूनही कितीतरी पातळ शीड अंतराळात पसरले. उन्हाचा रेटा किती मिळतो, ते शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून मोजले: १.१२ मिलिन्यूटन.