स्वस्त गावाचा शोध

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे ग्रीन कार्ड, घराचं मॉर्गेज आणि मुलांचं कॉलेज हे तीन विषय असायचे. आता पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींत चौथा विषय हमखास निघतो : रिटायर झाल्यावर राहायचं कुठे? कोणी पुणं म्हणतं, कोणी नाशिक, कोणी कोकणातलं आजोळ. एखादा धाडसी गृहस्थ पोर्तुगाल किंवा कोस्टा रिकाचं नाव काढतो. गावं वेगळी असली तरी कारण बहुतेक वेळा एकच असतं. तिथे राहणं स्वस्त आणि डॉक्टर त्याहून स्वस्त!

या बेताचे व्यावहारिक पैलू आपण भरपूर चघळतो. व्हिसा, टॅक्स, बँक, फ्लॅट, सगळं. पण त्याला एक नैतिक पैलूही आहे आणि त्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या स्वस्ताईवर आपलं म्हातारपण उभं करणं योग्य आहे का? असेल तर कोणत्या अटींवर? मी स्वतः अजून चाळिशीत आहे, पण हिशेब सुरू झालेत. म्हणून हा प्रश्न इतरांबरोबर स्वतःलाही विचारतो आहे.

आधी हे मान्य करू या की यामागची भीती खरी आहे. १९६५ सालच्या कायद्याने अमेरिकेत मेडिकेअर आलं. ते सर्वसाधारणपणे वयाच्या ६५ व्या वर्षी मिळतं. तोपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला. ५८ व्या वर्षी ले-ऑफ झाला तर 'कोब्रा'खाली तोच विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. म्हणजे पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत! आणि ६५ नंतर तरी सुटका आहे का? अंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं अशा दीर्घकाळच्या सांभाळाचा खर्च मेडिकेअर देत नाही. त्यासाठी महिन्याला काही हजार डॉलर मोजावे लागतात. हे सगळं पाहून कोणाला पुण्याची आठवण झाली तर त्याला लोभी म्हणता येणार नाही.

पण 'परत जाणं' हा शब्द आपण जरा सैल वापरतो. आपल्यापैकी अनेकांच्या खिशात आता अमेरिकन पासपोर्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर मिळू लागलेलं ओसीआय कार्ड घेऊन आपण आयुष्यभर भारतात राहू शकतो, पण मत देऊ शकत नाही, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. कागदोपत्री पाहिलं तर पुण्याला जाणं म्हणजेच परदेशी जाणं! मेडिकेअरही सोबत येत नाही, कारण अमेरिकेबाहेरच्या उपचारांना ते एरवी लागू नसतं. त्यातला पार्ट बी वेळेवर घेतला नाही आणि पुढे विचार बदलून इकडे आलो, तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो दंड बहुधा कायमचा असतो.

आपल्या परंपरेत उतारवयासाठी वानप्रस्थाची कल्पना होती. गरजा कमी करायच्या, संसार पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आजच्या बेतात गरजा तेवढ्याच राहतात, किंबहुना वाढतात. ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या मावशी, रात्रपाळीची नर्स हे सगळं इकडे परवडत नव्हतं, ते तिकडे परवडतं. आपण गरजा कमी न करता त्यांची किंमत कमी करायला निघालो आहोत. यात पाप आहे असं मी म्हणत नाही. पण वनात जाणाऱ्याला तिथल्या झाडांनी विचारलं नसेल, 'तू इथे स्वस्तात कसा काय राहतोस?' शहरातल्या माणसांना मात्र तो अधिकार आहे.

मग स्वस्त म्हणजे नेमकं काय? जागतिक बँकेच्या किंमत-तुलनेनुसार २०१७ साली अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळत होतं, तेवढं भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होतं. बाजारात मात्र एका डॉलरचे सुमारे ६५ रुपये येत होते. म्हणजे डॉलर विमानात बसून मुंबईला उतरला की तिप्पट लठ्ठ व्हायचा. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली याचं कारण मांडलं. श्रीमंत देशात कारखान्यातल्या कामगाराची उत्पादकता जास्त, म्हणून त्याचा पगार जास्त. मग त्याच गावातल्या सलूनवाल्यालाही तेवढे पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो कात्री खाली ठेवून कारखान्यात जाईल. पुण्यातला सलूनवाला काही कमी कौशल्याने केस कापत नाही. पण तो आपली खुर्ची उचलून डेट्रॉइटला नेऊ शकत नाही. त्याला व्हिसा नाही.

आपण सीमा ओलांडू शकलो आणि तो ओलांडू शकला नाही. आपल्या स्वस्ताईचा मोठा भाग या एका फरकावर उभा आहे.

मोठा भाग म्हणालो, सगळी नाही. कारण सगळी स्वस्ताई एका प्रकारची नसते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराईत ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. एक शस्त्रक्रिया संपता संपता पुढचा रुग्ण तयार, अशी शिस्तबद्ध पद्धत त्यांनी बसवली. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांची मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत किंवा नाममात्र पैशांत होऊ लागली. डोळ्यात बसवायची लेन्स महाग पडते म्हणून १९९२ साली ती स्वतःच बनवायला सुरुवात केली. औषधांचंही तसंच. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट दिलं आणि ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली. त्या काळात आपल्या कंपन्या स्वस्त औषधं बनवायला शिकल्या. २००१ साली सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा जगात त्यांची किंमत हजारो डॉलर होती. ही स्वस्ताई अकलेची, शिस्तीची आणि कायद्याची आहे. तिचा फायदा घेताना मान खाली घालायचं कारण नाही.

दुसऱ्या प्रकारची स्वस्ताई आपल्या घरात, आपल्या कॉटच्या शेजारी बसलेली असते. ब्युरोतून आलेल्या मावशी बारा तास, कधी चोवीस तास आपल्या आईजवळ असतात. बऱ्याचदा त्या दूरच्या कोरडवाहू जिल्ह्यातून आलेल्या असतात. त्यांची स्वतःची आई गावी असते. तिला कोण बघतं? बहुधा शेजारीण, नाहीतर शाळा सुटलेली नात. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली याला 'केअर चेन', म्हणजे सांभाळाची साखळी म्हटलं. साखळीच्या वरच्या टोकाला माया आणि मनुष्यबळ पोचतं, खालच्या टोकाला कमी पडत जातं. आपण वरचं टोक आहोत.

यावर लगेच उत्तर येतं आणि ते चुकीचं नाही. 'अहो, आम्ही गेलो नाही तर त्या मावशींना ही नोकरी तरी मिळेल का? आम्ही डॉलर कमावले इथे, खर्च करणार तिथे. भारताचा फायदाच आहे!' खरं आहे. आपण ओहायोत किंवा टेक्ससमध्ये बसून राहिलो म्हणून मराठवाड्यातल्या कोणाचा पगार वाढणार नाही. न जाणं हे काही पुण्य नव्हे. कांटने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असं सांगितलं, त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकमेकांच्या कामाला येणं हा तर समाजाचा पायाच आहे. गडबड होते ती त्या 'केवळ'पाशी. पण आपण ती रेषा ओलांडली की नाही हे ओळखायचं कसं?

मला याचं उत्तर आमच्या धंद्यात दिसतं. आयटी कन्सल्टिंगचा अर्धा व्यवसाय याच फरकावर वाढला. अमेरिकेतल्या तासाच्या दराचा एक अंश मोजून तेच काम हिंजवडीत होत होतं. हळूहळू तिथले पगार वाढले, पोरांनी घरं घेतली, आईवडिलांची दुखणी काढली. आपल्याला आनंद झाला. पण काही क्लायंट मीटिंगमध्ये कुरकुरू लागले, 'पुणं आता महाग झालं!' आणि स्वस्त गावाच्या शोधात पुढे निघाले. काही मात्र थांबले. त्यांना तिथल्या माणसांचं काम पटलं होतं, ओळख झाली होती. दोघंही सुरुवातीला स्वस्ताईसाठीच आले होते. फरक कळला तो पगार वाढल्यावर.

तीच कसोटी आपण स्वतःला लावून पाहावी असं मला वाटतं. ज्या गावी राहायला जायचं, त्या गावाची ही दुसरी स्वस्ताई संपावी अशी इच्छा मला मनापासून करता येते का? मावशींचा पगार दुप्पट व्हावा, त्यांच्या मुलीने नर्सिंग करून जर्मनीला जावं आणि मला कामाला माणूस मिळणं कठीण व्हावं, हे मला चालेल का? ज्याला चालेल तो त्या गावाचा रहिवासी आहे, मग त्याचा पासपोर्ट कोणताही असो. ज्याच्या पोटात गोळा येतो, तो सदाशिव पेठेत जन्मलेला असला तरी गिऱ्हाईकच.

'म्हणजे महागाई व्हावी म्हणून देव पाण्यात ठेवायचे? मग जायचं तरी कशाला?' असं कोणी विचारेल. माझं म्हणणं तेवढं टोकाचं नाही. ते एक्सेल शीटपुरतं आहे. आपण सगळेच शीट बनवतो. सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं, विमा, वर्षातून एक अमेरिकावारी, सगळ्यावर महागाईचा दर धरतो. मावशींच्या पगाराच्या ओळीत काय दर धरतो, तेवढं बघावं. ती ओळ पाच वर्षांत दुप्पट केल्यावर सगळा बेत कोसळत असेल, तर तो बेत त्यांच्या गरीब राहण्यावर उभा आहे. मग थोडं लहान घर, थोडी उशिरा निवृत्ती, थोड्या कमी अमेरिकावाऱ्या, असा दुसरा बेत करावा. हिशेबात माणुसकी बसते, फक्त तिची ओळ आधी घालावी लागते.

दवाखान्याचंही तेच. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धनांच्या निधीत टाकायची असते. डॉलरमध्ये पेन्शन घेणाऱ्याने तिथे पूर्ण बिल भरलं तर कोणा अनोळखी रुग्णाच्या उपचाराला थोडा हातभार लागतो. आणि 'आपल्या ओळखीचे ट्रस्टी आहेत, बघू काही कमी होतं का' असा फोन केला तर काय होतं, हे सांगायला नको.

घराच्या किमतीचं दुखणं तर जगभर सुरू झालं आहे. बाहेरून आलेल्या पैशाने भाडी चढतात, स्थानिक शिक्षक आणि नर्स गावाबाहेर ढकलले जातात. पोर्तुगालने २०२३ साली घर विकत घेऊन 'गोल्डन व्हिसा' मिळवण्याचा मार्ग बंद केला. मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये परदेशी रहिवाशांमुळे वाढणाऱ्या भाड्यांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. पुण्यात आपल्याविरुद्ध कोणी मोर्चा काढणार नाही, कारण आपण त्यांच्यासारखेच दिसतो, त्यांचीच भाषा बोलतो. म्हणून तर आपण स्वतःहून जास्त जपायला हवं.

राहता राहिला जुना हिशेब. आपल्यातले बरेच जण तिथल्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात नाममात्र फी भरून शिकले. उमेदीची वर्षं इकडे दिली, आजारपणाची वर्षं तिकडे न्यायची. यावर कोणी बोट ठेवलं तर रागावू नये, पण खजील होऊन बेतही मोडू नये. म्हातारपणी आपली भाषा बोलणारी माणसं आजूबाजूला असावीत ही इच्छा स्वच्छ आहे. कित्येकांच्या बाबतीत तेच खरं कारण असतं आणि स्वस्ताई हे नुसतं निमित्त. तसं असेल तर वर सांगितलेली कसोटी जड जाणार नाही.

तेव्हा ज्यांची तिकिटं काढून झाली असतील त्यांनी जरूर जावं. फक्त तिथे पोचल्यावर पहिल्या महिन्यात मावशींना आठवड्याची सुट्टी कधी असते, त्यांच्या आईचं औषधपाणी कोण बघतं आणि त्यांचा आरोग्य विमा आहे का, एवढं विचारावं. आपल्या विम्याची चौकशी तर आपण निघण्यापूर्वीच करून ठेवलेली असेल.