घराबाहेर काय काढावे?



धम्मदीक्षा घेऊन आपण घरी परतता. अंगावर पांढरे कपडे असतात, ओठांवर त्रिसरण-पंचशील ताजे असते, आणि उंबरा ओलांडताच समोर दिसतो तो जुनाच संसार. देवळीत टाक, खुंटीला कवड्यांची माळ, कोपऱ्यात परडी, माळ्यावर आजोबांच्या काळचे गाठोडे. यातले काय ठेवायचे आणि काय बाहेर काढायचे? प्रश्न केरसुणीचा वाटतो, पण तो नीतीचा आहे. म्हणून त्यावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

देवांचा प्रश्न सुटलेला आहे, असे कोणी म्हणेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्या तीन देवदेवतांना नाकारणाऱ्याच आहेत. ज्याने त्या उच्चारल्या, त्याने आपले देव घरात ठेवणे म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे होय. इथपर्यंत वाद नाही. पण देवळीतले टाक बहुधा आपले नसतात, आईचे असतात. सत्तरीची म्हातारी. मुलाने दीक्षा घेतली म्हणून ती मागे येऊन बसली, किंवा आलीच नाही. आणि आपला शिकलेला तरुण रात्री उठतो, टाक, परडी, माळ सारे पोत्यात भरतो आणि विहिरीत टाकून येतो. (त्याच विहिरीचे पाणी सकाळी वस्ती पिते, ते वेगळेच.) सकाळी म्हातारी रिकाम्या देवळीसमोर बसून राहते. याला धम्म म्हणावे काय?

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती २१ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी अनेक धर्म तपासले आणि आपल्या माणसांना विचार करायला अवधी दिला. प्रतिज्ञा ज्याने त्याने आपल्या तोंडाने म्हणायची असते, दुसऱ्याच्या वतीने म्हणता येत नाही. मग आईला आपण दोन-चार वर्षे द्यायला नकोत काय? तिचे टाक तिच्या पेटीत राहू द्या. मात्र एक गोष्ट निक्षून सांगावी. त्या टाकांच्या नावाने घरात कोंबडे कापले जाणार नाही, कर्ज निघणार नाही, सुनेवर उपवासाची सक्ती होणार नाही. टाकाचा घरावरचा हुकूम संपला पाहिजे. मग उरतो तो चांदीचा एक तुकडा आणि म्हातारीची आठवण. त्याचे काय करायचे ते ती ठरवील.

माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. वस्तू जुनी की नवी, हा मुद्दा नाही. तिचा आपल्यावर हुकूम चालतो की नाही, एवढेच पाहावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि हातागळ्यांतील जडशीळ दागिने सोडायला सांगितले, ते काय म्हणून? दागिना वाईट म्हणून नव्हे. ती अस्पृश्यतेची खूण होती. बाई रस्त्याने येताना, तिने तोंड उघडण्याआधी, तो दागिनाच तिची जात गावाला सांगत असे. असली वस्तू घरात राहता कामा नये.

आता माळ्यावरच्या येसकरकाठीकडे या. काही घरांत ती चुलीत गेली. त्या रागाला कारण आहे. आजोबांनी ती खांद्यावर टाकून किती हाका झेलल्या ते त्यांनाच ठाऊक. पण आज ती काठी कोणाला हाक मारते? कोणालाच नाही. तिचा हुकूम गेला, साक्ष तेवढी राहिली. वर्गात विचारून पाहिले तर पाचवीच्या मुलांना ‘येसकर’ हा शब्दही माहीत नसतो. हे चांगलेच झाले. तरी ज्या मुलाच्या घरी ती काठी आहे, त्याच्या हाती एकदा ती द्यावी आणि ती काय होती ते सांगावे, असे मला वाटते.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे कागद. गाठोड्यात आजोबांचा शाळेचा उतारा निघतो आणि त्यावर ती जुनी जात लिहिलेली असते. फाडून टाकावासा वाटतो. थांबा! अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. आपले वाडवडील त्याआधी इथे राहत होते आणि त्यांची जात कोणती होती, हे दाखवावे लागते. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. पण तो हक्क मागायचा तर त्याच टाकलेल्या नावाचा पुरावा लागतो. ही विचित्र विटंबना आहे खरी. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात. निजामकाळच्या नोंदीला काय मोल असते, हे २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनाने साऱ्या महाराष्ट्राला दाखविले. मग उतारे, खासरा पत्रके, दाखले, जुन्या पावत्या, सारे एका पत्र्याच्या पेटीत ठेवा, कसर लागू नये म्हणून निंबाचा पाला घाला, आणि पेटी कुठे आहे ते घरातील मुलींनाही ठाऊक असू द्या.

जुन्याबद्दल इतके झाले. पण माझ्या पाहण्यात घरे कोंदतात ती नव्या वस्तूंनी. आहेरात आलेली भांडी न वापरता माळ्यावर, पुढे कोणाला आहेर करायचा म्हणून; हप्त्यावरचे मोठे कपाट आणि त्याच्या हप्त्यासाठी मुलीच्या पुस्तकांत काटकसर. तथागतांनी गृहस्थांना घर रिकामे करायला सांगितलेले नाही. सिगालाला केलेल्या उपदेशात तर मिळकतीचा चौथा हिस्सा अडीअडचणीसाठी साठवावा असेच आहे. साठवावे, पण कामासाठी. विनयपिटकात कोसंबीच्या उदेन राजाची कथा येते. त्याच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरे दिली. राजाने विचारले, इतक्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ. आणि जुनी? त्यांचे पलंगपोस. ते विरले की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके. आणि शेवटी कुटून, चिखलात मळून त्यांनी जमीन सारवू. राजाने खुशीने आणखी ५०० दिली. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवत, वाकळीचे पोतेरे करीत, त्या वेगळे काय करीत होत्या? त्यांना गरिबीने शिकविले, एवढाच फरक.

उरली ती रिकामी देवळी. बहुतेक घरांत तिथे लगेच बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर येते. येवो. पण तसबिरीसमोर परीक्षेच्या दिवशी नारळ फुटू लागला, नवस बोलले जाऊ लागले, तर टाक बाहेर गेले आणि त्यांचा हुकूम घरातच राहिला असे होईल. एका घरी मी पाहिले, तसबीर भिंतीवर उंच लावली होती आणि देवळीत मुलीची पुस्तके होती. देवळी उंचीला बरोबर तिच्या हाताशी येत होती. फक्त तिथे उजेड कमी पडत होता. दिव्याची तार तिकडे ओढून घेऊ, असे तिचे वडील सांगत होते.