कुसळ, मुसळ आणि गेज

मी पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे, बायको माहेरी तसं भासवत असे, तो भाग वेगळा. माझं हत्यार गो-नोगो गेज. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. गेलं, की जॉबवर लाल फराटा. जॉब बिचारा उलट बोलत नाही.

रविवारी देवळातही माझं गेज चालूच. हा उशिरा आला, त्या बाईंचं लक्ष साडीकडे, पाळकसाहेबांचा उपदेश टॉलरन्सबाहेर सात मिनिटं!

एकदा पेटीवाल्या गृहस्थांचा सूर डगमगला. उपासनेनंतर पायऱ्यांवर मंडळी चहा पीत असताना मी म्हणालो, "काय हो, रात्रीची अजून उतरलेली दिसत नाही!" सगळे हसले. पुढच्या रविवारी पेटी बंद. त्याच्या पुढच्याही. रेव्हरंड टिळकांची पदं आम्ही पेटीवाचून म्हणू लागलो. ती कशी लागत, ते विचारू नका. (याच टिळकांच्या विसरभोळेपणाच्या कितीतरी गोष्टी लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रे'त सांगितल्यात; पण नवऱ्यावर लाल फराटा कुठे नाही.)

त्याच सुमारास ग्राइंडिंग खात्यात माझ्या डोळ्यात कण गेला. चष्मा खिशात होता. तो घाला असं इतरांना सांगणं हे माझं काम. ज्याचे अकरा जॉब मी आदल्याच दिवशी बाद केले होते, तो ऑपरेटर मशीन थांबवून आला. "चोळू नका साहेब." हात धुतले, मला उजेडाकडे वळवलं, श्वास रोखून ओल्या रुमालाच्या टोकानं कण काढला. मग आसपास कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "उद्यापासून चष्मा घाला."

आपली कुसळ-मुसळाची म्हण दुसऱ्याला गप्प करण्यापुरतीच वापरतात. मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू तिथे थांबत नाही. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला नीट दिसेल, असं त्याचं सांगणं. म्हणजे कुसळ काढायचं आहेच! आणि अठराव्या अध्यायात, भाऊ चुकला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला एकट्यालाच सांगायचं. पायऱ्यांवर, चहाबरोबर नव्हे.

त्या संध्याकाळी मी चिंचवडला त्यांच्या घरी गेलो. एकटाच.

"तपासणीला आलात?" दारातच प्रश्न.

"नाही हो. त्या दिवशी चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं."

वहिनींनी चहा आणला. आम्ही दोघंही बराच वेळ बशीतच पाहत होतो. कोपऱ्यात पेटीवर चादर टाकलेली.

"घेतो हे खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "बसा जरा."


मी बसलो.