उलटा हप्ता

गृहकर्जात आपण दरमहा बँकेला पैसे देतो आणि घर हळूहळू आपलं होतं. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये बँक दरमहा पैसे देते आणि घर हळूहळू तिच्याकडे सरकतं. सरकतं ते कागदावर. राहणारा शेवटपर्यंत तिथेच राहतो. भारतात ही योजना २००७च्या अर्थसंकल्पातून आली. साठी ओलांडलेल्या, स्वतःच्या कमाईच्या घरात राहणाऱ्यांसाठी. मिळणाऱ्या पैशांवर प्राप्तिकर नाही. नंतर कर्ज फेडून घर सोडवायचा पहिला हक्क वारसांचा. तरी आपल्याकडे ती घेतलेला माणूस सहसा भेटत नाही.

सवयीने मी आधी एक्सेल उघडलं. समजा, एक कोटीचा फ्लॅट, ६० लाखांची कर्जमर्यादा, १५ वर्षं, १० टक्के व्याज. महिन्याला साधारण साडेचौदा हजार येतात. म्हणजे हातात पडतात २६ लाख आणि कर्ज उभं राहतं ६० लाखांचं. एसआयपीच्या जाहिरातीत गोड दिसणारं चक्रवाढ व्याज इथे उलटं बसतं. शिवाय मुदत संपली की हप्ते थांबतात, व्याज थांबत नाही. ज्याला घर बदलायला हरकत नाही, त्याने ते विकून लहान घरात जावं, हे उघड आहे.

पण माझ्या आईबाबांना चिंचवड सोडायचं नाही. समोरच्या काकू, ओळखीचे डॉक्टर, घरी सामान पोचवणारा किराणावाला, हे कुठल्या रकान्यात भरू? आणि बाबांची अडचण व्याजाची नव्हतीच. ते म्हणाले, "लोक म्हणतील, मुलगा बघत नाही. आणि तुम्हा दोघांना मागे काय ठेवायचं?"

गंमत म्हणजे त्याच २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदाही झाला. मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे जा. एकाच वर्षात दोन उत्तरं: मुलांकडून घ्या, नाहीतर घराकडून घ्या.

"मी पाठवतो ना पैसे," असं मीही म्हणतो. पण दातांचं काम काढायचं असलं की आई फोनवर आधी दहा मिनिटं पावसावर बोलते. बँकेशी तिला पावसावर बोलावं लागणार नाही. आणि माझ्या पैशांचं तरी काय? मी दरमहा थोडे पाठवणार आणि शेवटी फ्लॅटमधला वाटा माझ्याकडे येणार. व्यवहार तोच, फक्त व्याजदर लिहिलेला नाही. त्याला प्रेम म्हणताना मला काही अडचण नाही, पण ते घर त्यांनी वीस वर्षं हप्ते भरून घेतलंय. मी त्यातला एकही भरलेला नाही. त्यांनी ते संपवलं तर माझं काय गेलं?

ताईला विचारलं. ती म्हणाली, "संपवू देत की."

अटींमध्ये एक कलम आहे: घर कायमचं सोडून नातेवाइकांकडे राहायला गेलात, तर कर्ज फेडावं लागतं. म्हणजे आईबाबा माझ्याकडे बंगळुरूला कायमचे येऊ शकत नाहीत. मी हे जरा चाचरतच वाचून दाखवलं.

"ते एक बरंय," बाबा म्हणाले, आणि शीटची प्रिंट मागितली.