सरकारी पैसा आणि ओढ्याची सेवा

गावचा ओढा राखायचा, त्याच्या काठी झाडे लावायची आणि त्यासाठी सरकारी अनुदान घ्यायचे, तर मग यात सेवा ती कोठे राहिली, असा प्रश्न आमच्या वारकरी मंडळींत वरचेवर निघतो. कोणी म्हणतो, पैसा सरकारचा, मजूर रोजावरचे, मग आपल्या पदरी पुण्य कसले? दुसरा म्हणतो, सरकार देतेच आहे ना, मग आपण कशाला चिखलात उतरायचे? दोघे एकमेकांशी भांडतात खरे, परंतु सरकार हे त्या पैशाचे धनी आहे, हे दोघांनीही मनोमन धरून ठेवलेले असते. आम्हांस हेच मुळात मान्य नाही.

दिंडीत भिशी असते. निघण्यापूर्वी ज्याने त्याने आपला वाटा जमा करायचा. त्यातून शिधा येतो, सामानाच्या ट्रकचे भाडे निघते. पंगतीला बसल्यावर ‘चालकांनी आम्हांस दान दिले’ असे कोणी म्हणते काय? चालकही खरा असेल तर ‘मी जेवू घातले’ म्हणत नाही, तो हिशेब ठेवतो. सरकारी खजिन्याचे तसेच आहे. दुकानात काडेपेटी घेणारी म्हातारीदेखील किमतीबरोबर कर भरून येते. तिचा पैसा त्यात आहे, तुमचा आहे, आमचा आहे. तेव्हा अनुदान म्हणजे दान नव्हे आणि कोणाची मेहरबानीही नव्हे. पण भिशी भरली म्हणून पंगतीत वाढायचे काम काही कोणाला चुकत नाही.

येथवर सोपे आहे. ही भिशी खर्चायची कशावर, हे मात्र अवघड आहे.

२०१६ साली राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ ही योजना जाहीर केली, तेव्हा आम्हां सर्वांस आनंद झाला. पण चंद्रभागा म्हणजे कोण? ती भीमाच. पंढरीस येऊन चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला हे नाव. ती भीमाशंकरास उगम पावते, तुळापुरास तिला इंद्रायणी मिळते, पुढे मुळा-मुठेचे पाणी येते, मग उजनीचे धरण आणि त्यानंतर पंढरपूर. पुण्यातला आंबिल ओढा मुठेला मिळतो. म्हणजे कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊससुद्धा वाळवंटाच्याच वाटेला लागलेला असतो, तोही एक वारकरीच म्हणा ना! तीर्थापाशी आपण हात जोडतो आणि दारच्या ओढ्यात कचरा लोटतो. पैशाचेही तेच होते. तीर्थाला तो मिळतो, ओढ्याला मिळत नाही, कारण ओढ्याला यात्रा भरत नाही.

त्याच आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला. त्या पावसात पुणे व आसपास वीसहून अधिक माणसे दगावली, काठची घरे पाण्यात गेली. पाऊस मोठा होता हे खरे. परंतु डोंगरावरून वेगाने उतरणाऱ्या पाण्याला पसरायला जी काठची जागा लागते, ती बांधकामांनी आणि भरावाने खाल्ली होती. मग भिंतींची मागणी झाली, भिंती बांधल्या गेल्या. काठच्या झोपडीत रात्र काढणाऱ्याला भिंत हवीच असते, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण भिंतीत कोंडलेले पाणी अधिक जोराने पुढे जाते आणि संकट खालच्या वस्तीच्या दारात नेऊन सोडते. तरी पैसा भिंतीकडेच धावतो. भिंतीचे मीटर मोजता येतात, तिचे बिल निघते, उद्घाटनाला पाहुणा बोलावता येतो. मोकळ्या ठेवलेल्या काठाचे उद्घाटन कसे करणार?

आणि मोकळा काठ फुकट नसतो. जागा कोणाची तरी असते. पुण्याजवळ चिखलीस इंद्रायणीकाठी निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर चढतो त्या आत, ३६ बंगले उभे राहिले होते. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार ते मे २०२५ मध्ये पाडले गेले. आधी जागा सोडली असती तर ना ते बांधण्याचा खर्च, ना पाडण्याचा. पण ज्याच्या सात-बाऱ्यावर ओढ्याकाठचे वीस गुंठे आहेत, त्या शेतकऱ्याने काय करावे? ‘तू ते पाण्यासाठी सोड’ असे त्याला कीर्तनातून सांगणे आम्हांस फार सोपे आहे. त्याग त्याचा आणि निर्मळ पाण्याचे स्नान सगळ्यांचे, हा व्यवहार काही बरोबर नाही. भिशी खर्चावी ती येथे. त्याच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा वाटा सर्वांनी उचलावा, त्याला मोबदला द्यावा, पर्यायी जमीन द्यावी. मग त्याने सोडलेला काठ हा एकट्याच्या गळ्यात टाकलेला त्याग राहत नाही.

कोणी म्हणेल, एवढा पैसा गावाकडे कोठून? मोठा मोबदला शासनाच्या तिजोरीतूनच यायला हवा, हे उघड आहे. परंतु काही थोडे गावाच्याही हाती येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना जो निधी ठरवला, त्यातला साठ टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेला होता. पाणलोट आणि सामाजिक वनीकरण हे विषय तर घटनेच्या अकराव्या अनुसूचीतच पंचायतीच्या कामांत मोडतात. आणि गावचा आराखडा ग्रामसभेपुढे येतो. पण त्या सभेला किती माळकरी बसतात हो? हरिपाठाला शंभर आणि ग्रामसभेला सात, असे आम्ही पाहतो. मग त्या सातांतला एखादा ठेकेदार असला, तर ओढ्याला सिमेंट मिळणारच.

झाडांचेही असेच. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. लावण्याला पैसा असतो, खड्ड्याला दर असतो. त्या रोपाला पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, शेळ्या कोण हाकणार, याला मात्र फारसा कोणी विचारत नाही. ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ लावा, त्यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात. पण अनुदानाच्या अर्जात पहिल्या पावसाबरोबर तिसऱ्या वैशाखाचाही खर्च लिहा. तो मंजूर झाला नाही, तर घागरी आपल्या घरी आहेतच.