“सगळे ठीक होते ना?”

खरे बोलावे, ही गोष्ट आपण शब्बाथ शाळेच्या पहिल्या वर्गापासून शिकतो व पुढे मुलांना शिकवतोही. त्याविषयी वाद नाही. वाद उभा राहतो तो त्यापुढच्या प्रश्नांवर. खरे किती बोलावे? कोणाला बोलावे? कोठे आणि कशासाठी बोलावे? समोरचा माणूस आपल्या उत्तराने दुखावणार असेल, किंवा त्याची रोजी त्यावर अवलंबून असेल, तर गप्प बसणे हे प्रेम की भित्रेपणा? हा प्रश्न मोठमोठ्या प्रसंगांपेक्षा अगदी लहान प्रसंगांत आपली अधिक परीक्षा पाहतो. म्हणून आज एका लहानशा गोष्टीवरून त्याचा विचार करू. ती गोष्ट म्हणजे जर्मनीतील एका छोट्या हॉटेलातला मुक्काम.

तिकडची छोटी हॉटेले आपल्याकडील लॉजसारखी नसतात. पुष्कळदा ती एकाच कुटुंबाची असतात. खाली मालकाचे घर आणि न्याहारीची खोली, वर सात-आठ खोल्या. काही ठिकाणी फक्त सकाळची न्याहारी मिळते, जेवण नाही; अशा हॉटेलाला ते ‘होटेल गार्नी’ म्हणतात. घरची बाईच खोली दाखवते, अंडी उकडते, चादरी बदलते आणि निघताना बिलही तीच करते. रात्री दहानंतर मोठ्याने बोलायचे नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. पलंग दोघांचा असला तरी पांघरुणे दोन वेगळी, आणि उशी चौकोनी, भली मोठी व इतकी मऊ की डोके ठेवताच ते आत बुडते.

2019 साली मंडळ्यांच्या भेटीच्या निमित्ताने आम्ही चौघे जण वुर्टेंबर्ग प्रांतात अशा एका हॉटेलात तीन रात्री राहिलो. या प्रांताशी आपला संबंध अगदीच नवा नाही. बेळगावच्या वाचकांना ठाऊक असेल की, 1830 च्या दशकापासून धारवाड-हुबळीकडे बासेल मिशनचे जे मिशनरी आले, त्यांतले पुष्कळ जण याच वुर्टेंबर्गचे होते. माणसे कष्टाळू, काटकसरी आणि बोलण्यात सरळ. त्यांच्यात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की, कोणी रागावले नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली असे समजावे!

हॉटेल नीटनेटके होते. न्याहारीचा पाव ताजा, चीज व मुरंबा भरपूर. पण आमच्या खोल्या अगदी वरच्या मजल्यावर, छपराखाली. लिफ्ट नाही आणि जिना उभा. सकाळी साडेसातपर्यंत गरम पाणी येत नसे. शेजारच्या चर्चचे घड्याळ रात्रभर दर पंधरा मिनिटांनी ठोके देई. आमच्यातील एक ज्येष्ठ बंधू तिन्ही रात्री या सर्वांबद्दल कुरकुरत होते. “एवढे पैसे घेतात आणि अंघोळीला पाणी नाही!” हे वाक्य आम्ही निदान दहा वेळा ऐकले असेल.

चौथ्या दिवशी सकाळी निघताना मालकीणबाईंनी बिल पुढे ठेवून सर्वांना विचारतात तसे विचारले, “सगळे ठीक होते ना?” आमचे ज्येष्ठ बंधू हसून, हात जोडून म्हणाले, “सर्व काही उत्तम!” आमच्या मागे एक वृद्ध जर्मन गृहस्थ उभे होते. दरवर्षी येणारे पाहुणे. त्यांनी शांतपणे सांगितले की, पाव नेहमीसारखाच छान होता, पण वरच्या मजल्यावर सकाळी गरम पाणी येत नाही, व जिन्याच्या वळणावरचा दिवा लागत नाही, तेथे कोणी तरी पडेल. पुढच्या वर्षी याच आठवड्यासाठी आपली खोली राखून ठेवावी, हेही त्यांनी जोडले. बाईंनी वही काढली. कोणता नळ, किती वाजता, असे विचारून लिहून घेतले आणि आभार मानले. मीही पाण्याचे व घड्याळाचे सांगितले. पाण्याचे त्यांनी लिहिले. घड्याळाबद्दल म्हणाल्या, “ते माझ्या आजोबांच्याही आधीपासून वाजते आहे. तेवढे मात्र पाळकसाहेबांना सांगा!” सगळे हसले. आगगाडीत बसल्यावर आमच्या ज्येष्ठ बंधूंनी पुन्हा सुरुवात केली, “एवढे पैसे घेतात आणि...”

वाचक हो, येथे कोणाला हसण्याचा हेतू नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी तेच उत्तर दिले असते. आपण ज्या वळणात वाढलो त्यात पाहुण्याने ताटाला नाव ठेवू नये असे शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण थोडे खोल पाहिले तर काय दिसते? ज्या बाईंच्या हातात दुरुस्ती होती, त्यांच्यापासून सत्य लपले. आणि ज्यांच्या हातात काहीच नव्हते, अशा आम्हां तिघांना ते दहा वेळा ऐकावे लागले. पोटात एक आणि ओठांत एक असे झाले. त्या गोड उत्तराने बाईंचे काय भले झाले? त्यांचा नळ तसाच राहिला असता. पुढचा पाहुणा चिडला असता. कोणी अंधारात जिन्यावरून पडलेही असते. ज्याला आपण भीड किंवा सभ्यता म्हणतो, ती पुष्कळदा समोरच्याची काळजी नसते, तर आपल्याला अवघड वाटू नये म्हणून घेतलेली काळजी असते.

मग जे जे मनात येईल ते ते बोलावे काय? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट हा सत्याच्या बाबतीत अतिशय कडक म्हणून प्रसिद्ध आहे. 1797 साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने असे मांडले की, परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा हक्क कोणाला नाही. मित्राचा जीव घ्यायला आलेल्या माणसाने पत्ता विचारला तरी नाही! इतके टोक पुष्कळांना पटलेले नाही. पण याच कांटने 1766 साली मोझेस मेंडेल्सझोन या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात एक शहाणपणाचा भेद केला आहे. त्याचा आशय असा की, मला खात्रीने वाटणाऱ्या कित्येक गोष्टी बोलण्याचे धैर्य मला होणार नाही. पण जे मला वाटत नाही ते मी कधीही बोलणार नाही. म्हणजे, जे बोलू ते खरे असावे. पण जे जे खरे ते सगळे बोललेच पाहिजे असे नाही. या दोन गोष्टींतील अंतर ज्याला कळले, त्याची निम्मी अडचण सुटली. “सर्व उत्तम” असे न म्हणता “न्याहारी फार छान होती” एवढेच म्हणून निघता येते. ते खोटे नाही.

परंतु एवढ्यावर थांबता येत नाही, कारण गप्प राहण्यानेही शेजाऱ्याचे नुकसान होते. 1529 च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत मार्टिन लूथरने खोट्या साक्षीविषयीच्या आज्ञेचा अर्थ सांगितला आहे. आपण तिला नववी आज्ञा म्हणतो, लूथरच्या मोजणीत ती आठवी. शेजाऱ्याची निंदा करू नये इतकेच सांगून तो थांबत नाही. त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे तो म्हणतो. हे हॉटेलच्या नळाला लावून पाहा. “ही बाई लुबाडते” हा एक अर्थ. “बाईंना ठाऊक नसेल, कारण त्या खाली राहतात” हा दुसरा अर्थ. दुसरा अर्थ मनात धरला की सांगणे सोपे होते, कारण मग आपण आरोप करत नाही, माहिती देतो. त्या वृद्ध गृहस्थांच्या बोलण्यात कडवटपणा का नव्हता, याचे उत्तर मला येथे सापडते.

सत्य आणि सद्भाव यांची गाठ घालणे किती कठीण आहे, याचे एक उदाहरण जर्मनीतच आहे. तेथे नोकरी सोडणाऱ्या माणसाला मालकाने लेखी प्रशस्तिपत्रक देणे कायद्याने बंधनकारक आहे. ते खरे असले पाहिजे, आणि न्यायालयांच्या निर्णयांप्रमाणे ते सद्भावनेनेही लिहिलेले असले पाहिजे. परिणाम काय झाला? एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘काम नेहमी आमच्या पूर्णतम समाधानाचे होते’ म्हणजे उत्कृष्ट. ‘काम आमच्या समाधानाचे होते’ म्हणजे जेमतेम. आणि ‘त्याने प्रयत्न केला’ म्हणजे त्याला काही जमले नाही! सरळ बोलण्यासाठी नावाजलेल्या देशात कागदावर मात्र स्तुतीचे शब्द असे पोकळ झाले. गोड बोलण्याची सक्ती झाली की शब्दांची किंमत उतरते. आपल्या मंडळ्यांतून दिली जाणारी शिफारसपत्रे आठवून पाहा, म्हणजे हा रोग फक्त परदेशातला नाही हे कळेल.

आता दुसरी बाजू. “मी स्पष्टवक्ता आहे, तोंडावर बोलतो,” असे छाती पुढे काढून सांगणारे लोक आपण पाहिले आहेत. ते बोलतात ते पुष्कळदा खरेही असते. पण ते खरे कोणाच्या उपयोगासाठी बोललेले असते? चार लोकांपुढे वेटरला झाडणारा पाहुणा नळ दुरुस्त व्हावा म्हणून बोलत नाही. आपण कोणी तरी आहोत हे दिसावे म्हणून बोलतो. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने 1943 साली बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असताना सत्य बोलणे म्हणजे काय, यावर एक निबंध लिहायला घेतला होता. पुढे 9 एप्रिल 1945 रोजी नाझी सत्तेने त्याला फाशी दिले. त्या निबंधातले एक उदाहरण प्रत्येक शब्बाथ शाळेच्या शिक्षकाने लक्षात ठेवावे. वर्गात सर्वांसमोर शिक्षक एका मुलाला विचारतात, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो हे खरे काय? ते खरे असते, पण मुलगा नाही म्हणतो. बॉनहोफर म्हणतो की, मुलाचे उत्तर खोटे आहे खरे, पण तो दोष शिक्षकाच्या माथी येतो. कारण घरातली गोष्ट अशी चारचौघांत ओढून काढण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सत्य हे नात्याच्या आत बोलले जाते. कोण, कोणाला, कोणत्या जागी विचारतो आहे, हे सोडून देऊन सत्याचा विचार करता येत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेला क्रम किती व्यवहारी आहे हे समजते. प्रथम दोघांतच सांगावे. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यावे. त्यानंतर मंडळीपुढे. तो क्रम बंधूच्या अपराधाविषयी आहे, नळाविषयी नाही, हे खरे. पण जे अपराधाला लागू, ते लहानशा उणिवेला अधिकच लागू. आज मुक्काम सोडल्यावर मोबाईलवर चार ओळी लिहून हजारो अनोळखी लोकांना सांगता येते. तसे सांगू नये असे माझे म्हणणे नाही. पुढच्या प्रवाशालाही खरे कळण्याचा हक्क आहे. एकोणिसाव्या शतकात कार्ल बेडेकर याची प्रवास-मार्गदर्शके प्रसिद्ध झाली ती याच कारणाने. तो आपली ओळख न देता प्रवास करून स्वतः पाहत असे आणि त्या पुस्तकांत जाहिराती घेत नसत, म्हणून त्यांतील स्तुतीला वजन होते. पण बाईंनी समोर विचारले असता “उत्तम” म्हणायचे आणि पाठीमागे जगाला दोष सांगायचे, हा क्रम उलटा झाला. जगाला सांगण्याचा अधिकार त्याला, ज्याने आधी त्या माणसाला सांगितले आहे.

कोणी विचारील, मग घरी पाहुणे म्हणून गेलो असता भाजी खारट झाली तर तेही सांगावे काय? नाही. तेथे नाते वेगळे आहे. आपल्यापुढे जे वाढले ते खावे, असे प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितले, ते घरांविषयी. घरात जे मिळते ती देणगी. देणगीचे मोजमाप करत नाहीत. हॉटेलात जे मिळते तो करार. करारात दोन्ही बाजूंनी खरेपणा लागतो. पैसे देणाऱ्याने खोटे नाणे देऊ नये, तसे खोटे समाधानही देऊ नये. मात्र करार झाला म्हणून पलीकडची बाई यंत्र होत नाही. ती पहाटे उठून आपल्यासाठी अंडी उकडणारी शेजारीण आहे. म्हणून सांगणे खरे असावे आणि सांगण्याची रीत माणसाला शोभेशी असावी. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सत्य व प्रीती यांना एकत्र बांधले आहे. त्यांतले एक सुटले की दुसरे बिघडते.

आणि हॉटेल हे तर निमित्त. रविवारी उपासना संपल्यावर उपदेशक दारात उभा राहून हस्तांदोलन करतो, तेव्हा प्रत्येक जण म्हणतो, “संदेश फार छान झाला.” मी गेली कित्येक वर्षे त्या दारात उभा राहतो आहे. उपदेश लांबला, मधला मुद्दा कळला नाही, मागच्या बाकावर ऐकू आले नाही, असे सांगणारे मोजकेच भेटले. आणि सुधारणा झाली असेल तर ती त्यांच्यामुळेच. पाळकांना समोर “सगळे ठीक” आणि घरी जाताना रस्त्यात सगळी उजळणी. पंचांच्या सभेत हिशेबाला मूक संमती आणि महिन्याभराने निनावी पत्र. अशाने मंडळ्या फुटतात. भांडणाने जितक्या फुटल्या नसतील, तितक्या न बोललेल्या सत्याने फुटल्या आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढच्या रविवारी धडा संपल्यावर मुलांना विचारा, “आजच्या धड्यात काय आवडले आणि काय कळले नाही?” दोन्ही विचारा. पहिले मूल धीर करून “मला कंटाळा आला” असे म्हणेल, तेव्हा त्याला रागावू नका. वही काढा, कोठे कंटाळा आला ते लिहून घ्या आणि त्याचे आभार माना. प्रीतीने सत्य ऐकून घेणारा कोणी भेटला, तरच ते मूल प्रीतीने सत्य बोलायला शिकेल.